बहरीनचा रुपया आणि परदेशातली भाकरी



आपल्या समाजाच्या स्थलांतराचा विषय निघाला की आपण थेट 1948 नंतरच्या इस्राएलच्या वाटेवर येतो. पण परमुलखात जाऊन पोट भरण्याची सवय त्याहून कितीतरी जुनी आहे. कोकणातला तेलाचा घाणा सोडून आपले लोक मुंबईला आले, कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले, आणि 1839 साली इंग्रजांनी एडन घेतल्यावर आधी शिपाई व पुढे कारकून म्हणून तिकडेही गेले. एडनचा कारभार 1932 पर्यंत मुंबईकडेच होता. म्हणून समुद्र ओलांडला तरी कचेरीतले हुद्दे, अर्जाची रीत आणि पगाराचे नाणे ओळखीचेच असे.

आज लिहायचे आहे ते याच समुद्रावरच्या दुसऱ्या ठिकाणाबद्दल, बहरीनबद्दल. परदेशात राहणारा माणूस नेमका कशाच्या आधारावर उभा राहतो, हे या लहानशा बेटाच्या इतिहासात फार स्वच्छ दिसते.

तेल सापडण्याआधी बहरीन जगत होते ते मोत्यांवर, आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. मुंबईहून आखातात जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी 1862 पासून टपाल, तांदूळ, कापड आणि माणसे नेत होत्या. या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका' 1982 मध्ये थांबली. मनामाच्या बाजारात सिंधी आणि भाटिया व्यापाऱ्यांची दुकाने होती. टपाल कचेरी हिंदुस्थान सरकारच्या खात्याची होती. 1933 पासून तिथे विकली जाणारी तिकिटे म्हणजे आपलीच तिकिटे, फक्त वर 'बहरीन' असा छाप मारलेला. बाजारात चालणारे नाणेही आपला रुपयाच. मुंबईच्या माणसाला तिथे मिळालेला पगार घरी पाठवताना बदलून घ्यावा लागत नसे.

1932 मध्ये जबल दुखान इथे तेल लागले. बहरीन पेट्रोलियम कंपनी, म्हणजे 'बापको', भांडवलाने अमेरिकन होती. पण बेट इंग्रजांच्या संरक्षणाखाली, त्यामुळे नोकरभरतीत स्थानिकांनंतर ब्रिटिश प्रजेला पसंती द्यावी असा इंग्रजांचा आग्रह होता. त्या काळी ब्रिटिश प्रजा म्हणजे आपणही. इंग्रजी लिहिणारा कारकून, टायपिस्ट, फिटर, ड्रायव्हर यांची भरती मुंबईतून करारावर होऊ लागली. गोरे अधिकारी अवालीच्या बंगल्यांत राहत, हिंदी नोकर वेगळ्या वस्तीत. पगारातही तीच उतरंड. तरी मुंबईपेक्षा चार पैसे जास्त मिळत, आणि खर्च बेताचा ठेवला तर शिल्लक राही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. बहरीनच्या माणसाला हे डोळ्यांसमोर दिसत होते. त्याच्याच जमिनीतून तेल निघते आणि कचेरीतल्या खुर्चीवर बाहेरचा बसतो. 1938 च्या चळवळीत बहरीनी लोकांनी या नोकऱ्यांवर आपला हक्क सांगितला. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परक्या देशात कमावणाऱ्याची भाकरी यजमानाच्या संमतीवर अवलंबून असते, मग करारपत्रावर कोणाचीही सही असो.

हे सर्वांत कठोरपणे अनुभवले ते मनामाच्या यहुदी लोकांनी. ही मंडळी बहुतेक इराकमधून आलेली, काही इराणमधून. कापड विकणे आणि पैसे बदलून देणे हे त्यांचे मुख्य धंदे. बाजारभागात त्यांचे सिनेगॉग होते. नोव्हेंबर 1947 मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव झाला आणि डिसेंबरमध्ये मनामात दंगल उसळली. घरे-दुकाने लुटली गेली, सिनेगॉग उद्ध्वस्त झाले. पुढच्या वर्षांत बहुतेक कुटुंबे निघून गेली. जी राहिली त्यांत नूनू घराणे आहे. पैसे बदलण्याच्या आणि पाठवण्याच्या व्यवसायात त्यांचे नाव मोठे. याच घराण्यातील हुदा नूनू 2008 मध्ये बहरीनच्या अमेरिकेतील राजदूत झाल्या. दुरुस्त केलेल्या सिनेगॉगमध्ये 2021 साली, 1947 नंतर प्रथमच, मिन्यान भरला.

आता रुपयाकडे परत येऊ. आखातातून सोने चोरून हिंदुस्थानात येई, त्याची किंमत रुपयांत चुकती होई, आणि ते रुपये आखातातून पुन्हा रिझर्व्ह बँकेकडे येत. बँकेला बदल्यात पौंड द्यावे लागत. हे थांबवण्यासाठी 1959 मध्ये सरकारने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. भारतात त्या चालत नसत. नोकरदाराच्या पगाराला पहिल्यांदाच 'परदेशी' शिक्का बसला. 1965 मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार आणला, दहा रुपयांना एक. आठ-नऊ महिन्यांनी, जून 1966 मध्ये, भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. एका दिनाराचे दहाचे पावणेसोळा रुपये झाले. महिन्याला दहा दिनार घरी पाठवणाऱ्याच्या घरी शंभराऐवजी एकशे साडेसत्तावन्न रुपये पोचू लागले. ना त्याचा पगार वाढला होता, ना काम बदलले होते. 1973 नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा कोकणातल्या गावागावांतून माणसे आखाताकडे निघाली, त्यामागे हा हिशेबही होता.

नव्या पिढीच्या नोकरदाराला मात्र जुन्या कारकुनाचा आधार उरला नाही. तो ब्रिटिश प्रजा नव्हता. त्याचा व्हिसा कफीलच्या हाती. नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही सुटे. बहरीनने 2006 मध्ये कामगार बाजारासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले आणि 2009 पासून मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची वाट थोडी मोकळी केली. आखातात हे पाऊल लवकर पडले.

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाणा स्वतःचा होता, म्हणून तो बंद ठेवता आला. आखाती बेटावर तेव्हा सुट्टीचा दिवस शुक्रवार असे आणि मालक दुसरा. तिथे शब्बाथ पाळायचा तर आधी रजेचा अर्ज करावा लागे. परदेशातली भाकरी मिळते, पण तिच्यासोबत काय सोडावे लागते याचाही हिशेब इतिहासाने ठेवायला हवा.

कोणाच्या घरी आजोबांचा जुना पासपोर्ट, करारपत्र, बोटीचे तिकीट किंवा 'बहरीन' छापाचे पाकीट असेल तर रद्दीत घालू नका. पगाराची एक पावतीसुद्धा पुष्कळ सांगते.