काट्याला न दिसणारं वजन

लठ्ठपणाने हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासाने २००२ साली दाखवलं. पण त्याच्या आदल्याच वर्षीचा लॉस एंजेलिसचा अभ्यास वाचताना मी थबकलो. आजार आधीच बळावलेल्या १,२०३ रुग्णांमध्ये जाड माणसं लवकर दगावत नव्हती. उलट थोडी जास्तच तगत होती. याला पुढे ‘लठ्ठपणाचा विरोधाभास’ म्हणू लागले.

मला त्याचा धागा १९९७ सालात सापडतो. स्टीफन आंकर आणि सहकाऱ्यांनी १७१ रुग्ण पाहिले. आजाराने ज्यांचं अंग झिजलं होतं, त्यांतले निम्मे दीड वर्षात गेले. म्हणजे बारीक असणं ही अनेकदा आजाराचीच खूण होती.

बीएमआयचं सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमच्या केतलेचं. तो संख्याशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हे. त्याच्या आकड्यात चरबी, स्नायू, साठलेलं पाणी, सगळं एकच. २०२३ साली संशोधकांनी उंचीच्या तुलनेत कंबर मोजली, तेव्हा हा विरोधाभास जवळपास विरला.

म्हणून घरातल्या अशा रुग्णाचं वजन आपोआप उतरू लागलं, तर ‘बरं झालं’ म्हणू नका. दोन-तीन दिवसांत अचानक वाढलं, तर ते पाणी असू शकतं. दोन्ही वेळा डॉक्टरांना गाठा.