उंची विकून वेग घेताना: बंगळूर, 1990

बुलढाण्याहून मलकापूरला एसटीने गेला असाल तर राजूर घाट माहीत असेलच. उतारावर ड्रायव्हर पाय काढतो तरी गाडी पळते. उंची खर्च होते, वेग मिळतो. विमानाचंही तसंच, उंची, वेग आणि इंजिनाचा जोर, हिशेब एकच.

14 फेब्रुवारी 1990 ला तो चुकला. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-320, फ्लाइट 605, बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. 146 पैकी 92 जण गेले. ऑटोपायलट बंद होता, पण ऑटोथ्रस्ट ‘आयडल ओपन डिसेंट’ मोडमध्ये अडकलेला. म्हणजे इंजिनं मंद. वेग राखायचा तर नाक खाली करूनच. इथे मात्र उतरण्याची रेषा सांभाळायला नाक वर जात राहिलं. हवा होता 132 नॉट्स, वेग उतरला 106 च्या आसपास.

आता कागद घ्या. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे 26 नॉट्स गेले म्हणजे 35 टक्के ऊर्जा गेली. उंचीत मोजाल तर 80 मीटरांहून जास्त! विमान तेव्हा जमिनीपासून तेवढंही वर नव्हतं. शेवटी पूर्ण जोर मागितला, पण जेट इंजिनाला आयडलवरून उठायला काही सेकंद लागतातच.

चौकशीने वैमानिकांवर ठपका ठेवला. मला ते उत्तर अर्धंच वाटतं. ए-320 मध्ये ऑटोथ्रस्ट जोर कमी-जास्त करतो तेव्हा थ्रस्ट लिव्हर हलत नाहीत. हाताला काही कळतच नाही.