काँक्रीटचे भाष्यकार ॲडम नेव्हिल

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना 'नेव्हिल' हे नाव प्रामुख्याने एका ग्रंथामुळे परिचित आहे. 'प्रॉपर्टीज ऑफ काँक्रीट' हा ॲडम नेव्हिल यांचा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली. मात्र त्यांच्या कारकिर्दीची खरी कसोटी लागली ती एका सिमेंटच्या प्रश्नावर.

१९२३ मध्ये पोलंडमध्ये जन्मलेले नेव्हिल दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्यातून लढले. युद्धानंतर ते ब्रिटनमध्ये स्थायिक झाले आणि १९५५ पासून मँचेस्टर विद्यापीठात अधिव्याख्याता म्हणून काम करू लागले.

त्या काळी ब्रिटनमध्ये हाय ॲल्युमिना सिमेंटला मोठी मागणी होती. या सिमेंटचे काँक्रीट चोवीस तासांतच भरपूर मजबुती धारण करीत असल्याने कारखान्यात तयार होणाऱ्या तुळयांसाठी ते सोयीचे ठरे. परंतु पाण्याशी संयोग होऊन त्यात जे स्फटिक बनतात, ते मुळातच अस्थिर असतात. उष्णता व ओलावा यांमुळे त्यांचे अधिक घन स्फटिकांत रूपांतर होते, काँक्रीट सच्छिद्र बनते आणि त्याची मजबुती घटते. मिश्रणात पाणी जितके जास्त, तितकी ही घट गंभीर.

नेव्हिल यांनी १९६३ मध्ये शोधनिबंधाद्वारे हा धोका निदर्शनास आणून दिला. सिमेंट उद्योगातून त्यांच्या निष्कर्षांना कडाडून विरोध झाला आणि वापर सुरूच राहिला. पुढे जून १९७३ मध्ये लंडनमधील कॅमडेन येथील एका शाळेच्या सभागृहाचे छत कोसळले. तेथे तुळयांना पुरेसा आधार नसणे हेही एक प्रमुख कारण होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये स्टेपनी येथील शाळेच्या जलतरण तलावावरील छताच्या तुळया कोसळल्या. तेथे मात्र उबदार, दमट हवेत काँक्रीटची मजबुती घटल्याचे तपासात स्पष्ट झाले. सुदैवाने दोन्ही दुर्घटनांत जीवितहानी झाली नाही. त्यानंतर इमारतींच्या भारवाही भागांसाठी या सिमेंटचा वापर ब्रिटनमध्ये जवळजवळ थांबला. इशारा देऊन तोवर एक दशक उलटले होते.

नायजेरिया व कॅनडा येथील अध्यापनानंतर नेव्हिल यांनी लीड्स विद्यापीठात स्थापत्य विभागाचे प्रमुखपद भूषविले. १९७८ ते १९८७ या काळात ते डंडी विद्यापीठाचे प्राचार्य होते. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. पदार्थाची आजची मजबुती ही उद्याची हमी नव्हे, हा त्यांच्या संशोधनाचा धडा आजही तितकाच महत्त्वाचा आहे.