वाहनतळावरील मोटारी आणि आयोमेगाचा शेअर

१/७
अमेरिकेच्या युटा राज्यातील रॉय हे छोटे शहर. १९९० च्या दशकाच्या मध्यात काही हौशी गुंतवणूकदार तेथील एका कारखान्याबाहेर सुट्टीच्या दिवशी उभ्या असलेल्या मोटारी मोजत. कारखाना आयोमेगा कंपनीचा. सुट्टीतही काम चालू, म्हणजे मालाला मागणी आहे, हा त्यांचा तर्क. तो कितपत खरा ठरला? #थ्रेड

२/७
१९८० मध्ये स्थापन झालेली आयोमेगा संगणकातील माहिती साठवण्याची उपकरणे बनवत असे. १९९३ मध्ये ती तोट्यात होती. पुढच्या वर्षी किम एडवर्ड्स यांनी सूत्रे हाती घेतली आणि १९९५ मध्ये झिप ड्राइव्ह बाजारात आला.

३/७
फ्लॉपीत १.४४ एमबी माहिती मावे, झिप डिस्कमध्ये १०० एमबी. ड्राइव्हची किंमत सुमारे २०० डॉलर, डिस्कची सुमारे २०. ड्राइव्ह एकदाच घ्यायचा, डिस्क मात्र पुन्हा पुन्हा. गुंतवणूकदारांची भिस्त या दुसऱ्या विक्रीवर होती.

४/७
मागणीचा तर्क अचूक निघाला. १९९४ मध्ये सुमारे १४ कोटी डॉलर असलेली वार्षिक विक्री १९९६ मध्ये सुमारे १२० कोटींवर आणि १९९७ मध्ये सुमारे १७० कोटींवर गेली. शेअरने मात्र मे १९९६ मध्येच शिखर गाठले. त्या उंचीवर तो पुन्हा कधी पोहोचला नाही.

५/७
विक्री वाढत असताना भाव का घसरावा? कारण शेअरच्या भावात उद्याची अपेक्षा आधीच मोजलेली असते. मे १९९६ च्या भावाला केवळ वाढ पुरेशी नव्हती. ती अफाट आणि दीर्घकाळ टिकणारी हवी होती.

६/७
ती टिकली नाही. १९९८ मध्ये कंपनी पुन्हा तोट्यात गेली. बिघडलेल्या ड्राइव्हच्या 'क्लिक' आवाजावरून न्यायालयीन दावा उभा राहिला. ६५० एमबीची कोरी सीडी झिप डिस्कहून कितीतरी स्वस्त मिळू लागली. अखेर २००८ मध्ये ईएमसी कंपनीने सुमारे २१.३ कोटी डॉलरना आयोमेगा विकत घेतली.

७/७
म्हणून त्या गुंतवणूकदारांना मूर्ख ठरवणे हा पश्चात्‌बुद्धीचा दोष होईल. त्यांचे साधन समकालीन होते, प्रत्यक्ष पाहिलेले होते आणि खरेही होते. पण वाहनतळ फक्त आजची मागणी सांगतो. भाव योग्य आहे का आणि इतरांच्या कारखान्यांत काय घडते आहे, हे सांगत नाही. बखर असो वा ताळेबंद, साधन अस्सल आहे का हा पहिला प्रश्न. ते नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हा दुसरा. आणि घात बहुधा तेथेच होतो.