जीन्स अँड हेल्थ

ब्रिटनमधील बांगलादेशी व पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा सहभाग असलेला जनुकीय संशोधन प्रकल्प. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये पूर्व लंडनमध्ये तो सुरू झाला. पुढे ब्रॅडफर्ड व मँचेस्टर येथे विस्तारला. या समाजांत टाइप-२ मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाण मोठे असूनही जनुकीय संशोधन प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरच होत आले. ही विषमता दूर करणे हा या प्रकल्पाचा हेतू आहे. १,००,००० स्वयंसेवकांचे उद्दिष्ट आहे. ते लाळेचा नमुना देतात व आपल्या आरोग्यनोंदी अभ्यासण्यास संमती देतात. नात्यातील विवाहांमुळे काहींमध्ये एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती निष्क्रिय आढळतात. अशा व्यक्तींच्या अभ्यासातून त्या जनुकाचे कार्य उलगडते आणि नव्या औषधांची दिशा मिळते.