मुलांना मतपेटी सांगताना

कामगारवस्तीतील मुलांना निवडणूक समजावून सांगताना आम्ही कायद्यापासून आरंभ करीत नाही. १९५१ सालच्या मतपेटीपासून करतो.

त्यापूर्वी मताचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून मिळे. राज्यघटनेने त्या अटी काढल्या व एकवीस वर्षांवरील प्रौढांस मत दिले. १९८९ पासून ही मर्यादा अठरा झाली. मतदार सुमारे १७ कोटी. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. हिमाचलातील चिनी येथे, बर्फ पडण्याआधी, २५ ऑक्टोबर १९५१ रोजी आरंभ झाला. मतदान फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले.

उत्तर प्रदेशातून आलेल्या एका कामगाराच्या मुलीने विचारले, “मग माझ्या पणजीनेही मत दिले असेल?” आम्हांस लगेच उत्तर देववेना. तिकडील असंख्य स्त्रियांनी नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद मानली नाही; देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली.

हजेरीपटावर नाव नाही तर मजुरी नाही, हे आमच्या मुलांना घरीच कळलेले असते. मतदारयादी हा देशाचा हजेरीपट होय.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी सांगत आली, “आईचेही नाव यादीत नाही.” नमुना ६ चा अर्ज आम्ही तिच्याच हातून भरविला. पहिल्या रकान्यात तिने आईचे नाव लिहिले, आईचे स्वतःचे.