उसण आणि शंभर किलोचं पोतं

आमच्या भुसार बाजारात हमाल आजारी पडतो असं कुणी म्हणत नाही. त्याला उसण भरते. मी तोलणार, काट्याशेजारी उभा राहून हेच ऐकत आलो. कंबरेचा नाहीतर पाठीचा स्नायू एकाएकी आखडतो आणि श्वास घेतला तरी कळ येते, ती उसण. बाजार पुण्याच्या नाना पेठेत होता तेव्हापासून जुन्यांचा इलाज ठरलेला. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून पाठीवर पाय फिरवून घ्यायचा. वर तेल, शेक, आणि पुन्हा थप्पी. आखडलेला स्नायू बहुधा थोड्या दिवसांत आपोआप सैल होतो. श्रेय मात्र पायाळूला!

अंतर्गळापुढे पायाळूचं काही चालत नाही. शंभर किलोचं ओझं पेलताना श्वास कोंडतो, पोटातला दाब वाढतो आणि जांघेतल्या कमकुवत जागेतून आतडं बाहेर डोकावतं. तिथे शस्त्रक्रियाच.

हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी करणारे बाबा आढाव मुळात डॉक्टर, नाना पेठेत दवाखाना चालवायचे. हमालांची दुखणी त्यांनी तपासणीच्या टेबलावर पाहिली होती, हे मला हमाल पंचायतीच्या इतिहासात फार मोलाचं वाटतं. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ओझ्याची ५५ किलोंची मर्यादा सुचवली. १९६९ साली महाराष्ट्रात ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी माथाडी कायदा झाला. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर यायला मात्र पुढे बरीच भांडणं लागली.

मजुरी नगावर, म्हणून घाईत दोन पोती एकदम पाठीवर घेणारी पोरं अजूनही दिसतात. मुकादम ओरडतो, ती हसतात.